आधी फरशी उखडा

नाशिकच्या तपोवनातील झाडांवरून उठलेला प्रक्षोभ अद्याप शमलेला नाही, आणि इकडे दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर, डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी, शिरूर व दौंड येथील नगरपरिषदांत लोकनियुक्त सभागृहे पुन्हा बसली आहेत. या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर या सभागृहांपुढे येणाऱ्या पहिल्याच अंदाजपत्रकात शोधावे लागेल. चौकाचे सुशोभीकरण, कचेरीच्या आवाराचे काँक्रिटीकरण, बाजारपेठेतील मोकळ्या जागेवर पेव्हिंग ब्लॉक बसविणे, या बाबी तालुक्याच्या गावांच्या अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे इतक्या नेमाने येत गेल्या आहेत की त्या वाचताना सभासदांचा आवाजही बदलत नाही. यंदा तो बदलला पाहिजे. शिरूर आणि दौंड यांच्या व्यापारी पेठांत जी म्हणून मोकळी जागा फरसबंदीखाली गेलेली आहे तिची फरशी उखडावी, खालची माती मोकळी करावी आणि तेथे सावलीची उपवने उभी करावीत, ही आमची मागणी आहे. आणि ती सौंदर्याची हौस म्हणून नव्हे, तर या दोन गावांच्या उन्हाळ्याची, पाण्याची आणि व्यापाराची निकड म्हणून आम्ही करीत आहोत.

पेव्हिंग ब्लॉकचे एवढे प्रस्थ का माजले, याचे कारण नागरिकांच्या गरजेत सापडत नाही. ते दप्तरात सापडते. फरसबंदीचे चौरस मीटर मोजता येतात, मोजमाप पुस्तकात त्यांची नोंद करता येते, ठेकेदाराचे देयक मार्चअखेरीपूर्वी मंजूर होऊन निधी ‘खर्ची पडला’ असा दाखला वरिष्ठांकडे रवाना करता येतो. झाडाचे तसे नाही. खड्डा आज खणावा, रोप पावसाळ्यात लावावे, त्याला किमान तीन उन्हाळे पाणी घालावे, गुराढोरांपासून राखावे, मेले तर पुन्हा लावावे, आणि एवढे सारे केल्यावर त्याची सावली ज्या वर्षी पडेल त्या वर्षी ते लावणारे सभागृह बहुधा मुदत संपून गेलेले असेल. ज्या कामाचे फळ मुदतीच्या आत हाती येत नाही आणि ज्याच्या निगराणीसाठी भांडवली निधीतून दमडीही मिळत नाही, त्या कामाकडे कारभाऱ्यांनी पाठ फिरवावी आणि जे तीन आठवड्यांत उरकते त्याच्यामागे धावावे, ही मनुष्यस्वभावाला धरून असलेली गोष्ट असेल. परंतु नागरिकांनी ती मुकाट्याने का सोसावी?

आणि सोसावयाची ती कोठे, तर शिरूर-दौंडसारख्या गावांत! एकाच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याच्या डोंगरमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या या दोन तालुक्यांच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे येतो; तोही चार-दोन जोराच्या सरींत आटोपतो. हे पाणी जमिनीत मुरले तर विहिरीला लागते, आणि फरशीवरून वाहून गेले तर गटारात जाते. एक एकर जागेवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे सुमारे वीस लाख लिटर पाणी होते. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, तेथे प्रत्येक एकरामागे एवढे पाणी उतरण्याची वाट आपण होऊन, पैसे मोजून, सिमेंटने बंद करणे यासारखी उधळपट्टी दुसरी नसेल. बाजारपेठेच्या पोटात असलेली अशी दोन-तीन आवारे मोकळी केली तरी भोवतालच्या आडांना आणि कूपनलिकांना त्याचा हिशेब चार-पाच वर्षांत दाखवता येईल.

उन्हाची गोष्ट तर बोलून दाखवावी लागू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा काँक्रीट दिवसभर उष्णता पिऊन घेते आणि सूर्य मावळल्यावर ती रात्रीच्या वाऱ्यात सोडीत राहते. पेठेतल्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबाला पहाटेपर्यंत झोप लागत नाही, याचे मूळ खालच्या चौकात असते. झाड याच्या नेमके उलट वागते: ते ऊन पानांवर झेलते, मुळांनी ओढलेले पाणी बाष्परूपाने हवेत सोडते आणि भोवतालची हवा निववते. दौंड हे मोठे जंक्शन आहे; मुंबई-सोलापूर लोहमार्गाला येथे मनमाडकडून आणि बारामतीकडून येणाऱ्या वाटा मिळतात, आणि दुपारच्या गाडीने उतरणारा वाटसरू असो वा तहसील कचेरीत दाखल्यासाठी सकाळपासून रांगेत उभी असलेली खेड्यातली म्हातारी असो, बसावयास सावली नसते. फरशी असते, दिव्याचा उंच खांब असतो, नामफलकही असतो. सावली मात्र नसते.

व्यापारी पेठ म्हणजे झाडांची जागा नव्हे, हा समज आपल्याकडे कोठून रुजला, कळत नाही. या देशातल्या सर्वांत मोठ्या पेठेचा इतिहास तरी त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. मुंबईच्या शेअर बाजाराचे आद्य दलाल १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमून सौदे करीत. त्यांची संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली ती पुढची गोष्ट. टाऊन हॉलसमोर पसरलेले ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मैदान एके काळी कापसाच्या गाठींनी भरून जाई. १८४४ मध्ये कापसाचा व्यापार कुलाब्याकडे हलविण्यात आला आणि नंतर ते मैदान धुळीचे व कचऱ्याचे आगर बनले. तेव्हा चार्ल्स फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याने ती जागा वर्तुळाकार इमारतींनी वेढून मध्यभागी बाग करावी अशी कल्पना मांडली. एल्फिन्स्टन आणि बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांनी ती उचलून धरली, नगरपालिकेने जमीन घेऊन तिचे भूखंड नफ्याने विकले, आणि १८७२ च्या सुमारास एल्फिन्स्टन सर्कल पुरे झाले. आज तेच हॉर्निमन सर्कल होय. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळाले. बँका, विमा कंपन्या आणि दलालांच्या पेढ्या यांच्या ऐन मध्यावर गेली दीडशे वर्षे ती बाग उभी आहे, आणि त्यामुळे एकाही पेढीचे दिवाळे निघाल्याचे कोणी ऐकलेले नाही. उलट मध्यभागी बाग राखूनही भोवतालचे भूखंड नफ्यात गेले, हे त्या व्यवहाराचे मर्म होते. परकीय अमलातल्या नगरपालिकेला जे साधले ते लोकनियुक्त सभागृहांना का साधू नये?

त्याहून अलीकडचे आणि आजच्या मागणीला तंतोतंत लागू पडणारे उदाहरण सोल शहराचे आहे. तेथील योईदो या बेटावर, जेथे दक्षिण कोरियाची राष्ट्रसभा आहे आणि ज्याला त्या देशाचे आर्थिक केंद्र मानतात, १९७१ मध्ये पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने एक विस्तीर्ण डांबरी पटांगण केले होते. लष्करी संचलने त्यावर होत, आणि प्रसंगी विमाने उतरावीत अशी त्याची रचना होती. लोकशाही आल्यावर सोलच्या कारभाऱ्यांनी १९९७ मध्ये ते डांबर उखडण्यास आरंभ केला, आणि १९९९ मध्ये सुमारे तेवीस हेक्टरांचे उद्यान लोकांना खुले झाले. पॅरिसनेही २०२४ मध्ये प्लास द कातालोन्य या रहदारीच्या चौकात सुमारे पावणेपाचशे झाडांचे उपवन उभे केले आहे. या शहरांकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. पण सोलला जे करावे लागले त्याच्या मानाने दौंडच्या किंवा शिरूरच्या पेठेतले काम अगदी थोडे आहे, आणि फरशी बसविण्यासाठी जो निधी दरवर्षी मिळतोच आहे त्यातून ती उखडण्याचा खर्च भागणार नाही असे कोणता अभियंता म्हणेल?

हाच प्रश्न औद्योगिक वसाहतींना विचारला पाहिजे, कारण या दोन तालुक्यांचे खरे व्यापारकेंद्र आज पेठेइतकेच तेथे आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ. पहिल्यात मोटारींपासून घरगुती यंत्रांपर्यंतचे कारखाने, दुसऱ्यात रासायनिक कारखान्यांची गर्दी. १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे आपल्या क्षेत्रात स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. नकाशा त्याचा, मंजुरी त्याची आणि मोकळ्या जागांचा ताबाही त्याचाच. मग पाळी बदलताना बाहेर पडणाऱ्या कामगाराला जेवणाचा डबा उघडण्यासाठी उभ्या मालमोटारीची सावली शोधावी लागावी, याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. कुरकुंभच्या भोवतालच्या गावांची हवा-पाण्याविषयीची गाऱ्हाणी जुनी आहेत. झाडांनी रसायने नाहीशी होत नाहीत, आणि प्रदूषण करणाऱ्याला झाडांच्या आडोशाने सूटही मिळता कामा नये. पण जो माणूस तेथे रोज आठ-दहा तास राबतो त्याच्या डोक्यावर पानांचे छत असावे, एवढा त्याचा हक्क कोणत्याही कायद्याच्या आधीचा आहे.

आक्षेप येतील. बाजाराच्या दिवशी पाल कोठे टाकावयाचे, पावसाळ्यात चिखल होईल त्याचे काय, सभा आणि मिरवणुका कोठे भरवावयाच्या, मोटारी कोठे उभ्या करावयाच्या? चालण्याच्या वाटांवर मुरूम आणि सांधे मोकळे ठेवलेला दगड घातला तर चिखल होत नाही आणि पाणीही मुरते. भाजीवाल्या बाईला तळपत्या फरशीपेक्षा चिंचेखाली बसणे केव्हाही आवडेल आणि तिची मेथी दुपारपर्यंत टिकेल. सभेला आलेल्या माणसांनाही सावली वर्ज्य नाही. राहिल्या मोटारी. त्यांच्यासाठी गावाचा मध्य राखून ठेवण्याचे आम्हांला कारण दिसत नाही.

खरा अडथळा आक्षेपांचा नाहीच. तो राज्यभर भिनलेल्या एका वृत्तीचा आहे. या वृत्तीला झाड लावण्याचा समारंभ प्रिय आहे आणि झाडाला लागणारी जमीन मात्र नकोशी आहे. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी रोपे लावण्याचे संकल्प या राज्याने सोडले. त्यांतली जगली किती, याची चौकशी करण्याची पाळी २०२१ मध्ये विधिमंडळावर आली. ज्या वर्षी तेहेतीस कोटींचा घोष चालला होता त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या एका रात्री, मुंबईच्या आरे वसाहतीतील झाडांवर करवती चालू लागल्या आणि बघता बघता दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली. आता २०२७ च्या कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे अठराशे झाडांवर नोटिसा लागल्या. जेथे झाड वाचते तेथेही त्याची गत बरी नाही: रस्त्याकडेच्या वडा-पिंपळांच्या बुंध्याशी भिडवून फरशी बसवितात, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि पुढच्या वळवाच्या वादळात झाड उन्मळले की ‘धोकादायक’ म्हणून शेजारची दोन तोडली जातात. बुंध्याभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्येच बजावले होते. ती एक मीटर जागा शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर किती झाडांना लाभली आहे, हे कोणाही सभासदाने टेप घेऊन अर्ध्या दिवसात मोजावे.

या तालुक्यांना झाडांची जाण नाही असे नाही. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीने आपल्या चिंचा जपल्या म्हणून तेथे मोर राहिले आणि ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. झाडे तोडली नाहीत, एवढीच त्या गावाची योजना होती. जे चिंचोलीच्या शेतकऱ्याला अंदाजपत्रकावाचून जमले ते नगरपरिषदेला अंदाजपत्रकासह जमावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तेव्हा दोन्ही सभागृहांनी चालू वर्षात नव्या फरसबंदीची एकही बाब मंजूर करू नये. पेठेतील कोणकोणत्या आवारांवर फरशी आहे त्याची यादी जागेच्या मोजमापासह जाहीर करावी, आणि त्यांतले सर्वांत मोठे आवार पहिल्या वर्षासाठी निवडावे. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने प्रत्येक नगरपरिषदेला वृक्ष प्राधिकरण दिलेले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला आहे. या प्राधिकरणाने तोडीच्या परवानग्या देण्यापुरते न जमता लागवडीची आणि निगराणीची जबाबदारी पत्करावी. शोभेचे पाम आणि हिरवळीचे गालिचे आम्हांला नकोत, कारण हिरवळीला पाणी फार लागते आणि पामाला सावली नसते. कडुनिंब, चिंच, करंज, वड आणि बहावा ही या मातीची झाडे आहेत, ती लावावीत. त्यांना पिण्याचे पाणी न घालता शुद्ध केलेले सांडपाणी घालावे, आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा व राखणदाराच्या वेतनाचा खर्च लागवडीच्या निविदेतच धरून, ठेकेदाराच्या देयकाचा अखेरचा हप्ता तिसऱ्या वर्षी जगलेल्या झाडांची मोजदाद झाल्यावर अदा करावा. खड्डे मेअखेर तयार हवेत. म्हणजे फरशी उखडण्याचा ठराव याच अंदाजपत्रकी सभेत झाला पाहिजे, आणि त्यावर कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे आम्ही नावानिशी छापू.