भिंतीवरचे माजी अध्यक्ष

यंदाच्या अंकाचा विषय 'भिंत' ठरला तेव्हा आमच्याच मंडळातल्या दोघांनी नाकं मुरडली. फार कोरडा विषय, कथा मिळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कथा मिळाल्या, चांगल्या मिळाल्या, आणि त्या पुढच्या पानांवर आहेतच. पण खरं सांगायचं तर विषयामागे संपादकाचा स्वार्थ होता. एका भिंतीबद्दल मला बोलायचं होतं. ती बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात आहे.

19 डिसेंबर 2022 रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, कर्नाटक विधानसभेच्या सभागृहात सात चित्रं लागली: बसवेश्वर, विवेकानंद, गांधीजी, डॉ. आंबेडकर, सरदार पटेल, सुभाषबाबू आणि सावरकर. सातांपैकी चौघे माजी अध्यक्ष. तिघे काँग्रेसचे, सावरकर 1937 पासून काही वर्षं हिंदू महासभेचे. गांधीजींनी तर आपलं एकमेव काँग्रेस अध्यक्षपद इथेच, बेळगावच्या टिळकवाडीत, 1924 च्या डिसेंबरात भूषवलं. भांडण मात्र पेटलं सावरकरांवरून. तेव्हा विरोधात असलेले सिद्धरामय्या आमदारांसह बाहेर पायऱ्यांवर बसले; नेहरू, कनकदास, कुवेंपू यांचीही चित्रं हवीत म्हणाले. पुढच्या वर्षी सत्ता फिरली, मंत्री प्रियांक खर्गे यांनी ते चित्र काढण्याची भाषा केली. सभाध्यक्ष यू. टी. खादर यांनी त्याला हात लावला नाही. तेव्हापासून थंडी पडली की ही बातमी पुन्हा ताजी होते.

हा वाद मला सलतो तो त्याच दिवशीच्या दुसऱ्या बातमीमुळे. 19 डिसेंबरलाच टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो मैदानावर महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा होता. परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, कार्यकर्त्यांची धरपकड झाली, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना निपाणीजवळ कोगनोळीला अडवलं. म्हणजे 1938 च्या मुंबईतल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाचं, म्हणजे सावरकरांचं, चित्र आत मानाने भिंतीवर चढत होतं, आणि बाहेर मराठीसाठी जमणाऱ्यांना पोलीस गाडीत घालत होते. चित्र लावणाऱ्यांना यात काही विसंगत वाटलं नाही. पायऱ्यांवर बसलेल्यांनाही नाही.

कॅम्पातून हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण रोज जातो. त्या हिंडलग्याच्या तुरुंगात सावरकर होते. अंदमानातून सुटून आल्याला तेव्हा कित्येक वर्षं लोटली होती, आणि गोऱ्यांचं राज्य संपलं होतं. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या दिल्लीभेटीच्या निमित्ताने 4 एप्रिल 1950 रोजी त्यांना प्रतिबंधक कायद्याखाली उचललं आणि बेळगावला आणलं. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात. 13 जुलैला सुटका झाली ती राजकारणात भाग घेणार नाही अशी हमी उच्च न्यायालयात दिल्यावर. सौधातल्या एवढ्या गदारोळात हा तुरुंग कोणाच्या भाषणात आल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि तो सौधापासून काही कोसांवरच आहे. कारण उघड आहे. चित्र लावणाऱ्यांना ते हमीपत्र अडचणीचं. चित्र काढू म्हणणाऱ्यांना स्वतंत्र भारतातला तो बिनखटल्याचा तुरुंगवास अडचणीचा.

माझं मत विचाराल तर रत्नागिरीचे सावरकर मला जवळचे. 1931 मध्ये पतितपावन मंदिर सर्वांना खुलं करणारे, सहभोजनांच्या पंगती बसवणारे, गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं बजावणारे. महासभेचे अध्यक्ष सावरकर मला पटत नाहीत. 1942 ला देश रस्त्यावर आला तेव्हा त्यांनी आपल्या लोकांना जागा सोडू नका म्हणून सांगितलं. सिंधमध्ये त्यांची महासभा मुस्लिम लीगबरोबर मंत्रिमंडळात बसली. आणि 1945-46 च्या निवडणुकीत मतदारांनी तिला जवळपास पुसून टाकलं. गांधीहत्येच्या खटल्यातून 1949 ला ते निर्दोष सुटले, त्यांच्याभोवतीचा संशय मात्र सुटला नाही. पक्ष हरला, पण त्यांची हिंदुत्वाची मांडणी आज दिल्लीत राज्य करते. एवढा गुंता असलेल्या माणसाविषयी आपल्या राज्याच्या आठवीच्या कन्नड पुस्तकात काय आलं होतं? तर ते अंदमानच्या कोठडीतून बुलबुलाच्या पंखांवर बसून मायभूमीला भेट देऊन येत. 2023 मध्ये आलेल्या सरकारने सावरकरांवरचा धडा काढला, प्रश्न मिटला. एकाने पंख लावले, दुसऱ्याने पान फाडलं. वाचायचं दोघांनीही टाळलं.

दिल्लीतही याहून वेगळं नाही. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात चंद्रकला कुमार कदम यांनी रंगवलेलं सावरकरांचं तैलचित्र 26 फेब्रुवारी 2003 रोजी राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते लागलं, विरोधकांनी बहिष्कार घातला. दोन दशकांत वाद तसूभर पुढे सरकलेला नाही.

कॅम्पातल्या एका फ्रेमवाल्याकडे मुखपृष्ठाचं मूळ चित्र मढवायला गेलो होतो. भिंतीला टेकून काळी टोपी, गोल चष्मा, शेजारी गांधीजींचं हसू, मागे निळा कोट, तिन्ही एकाच मापात. म्हटलं, कोण जास्त खपतं? तो पुठ्ठ्याला खिळे मारत म्हणाला, "गांधी हापिसाला, आंबेडकर घराला, सावरकर मंडळाला जातात बघा. काच सगळ्यांना तीच. त्यांचं पुस्तक हाय का म्हणून अजून कोण विचारलं नाही." एवढं नेमकं भाषण सौधात झाल्याचं ऐकिवात नाही.

2025 या वर्षाचा आढावा थोडक्यात उरकतो. जानेवारीत सौधासमोर गांधीजींचा पुतळा उभा राहिला. फेब्रुवारीत दिल्लीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं, आणि त्याच दिवसांत इथे भाषेवरून दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. पहिलीपासूनच्या हिंदीचे आदेश महाराष्ट्राला मागे घ्यावे लागले. शिवरायांचे गड जागतिक वारशात गेले. 2004 पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाखटला सर्वोच्च न्यायालयात आहे तिथेच आहे.

आणि थोडं आपल्या घरातलं. 2018 पासून सौधातल्या त्या सभागृहात समितीचा एकही आमदार नाही. यात कानडी सरकारचा हात शोधू नका. एकाच मतदारसंघात दोन-दोन उमेदवार आपणच उभे केले. भिंतीवर मराठी माणूस आहे आणि बाकावर एकही समितीवाला नाही, ही आपली कमाई.

तेव्हा चित्र राहू द्या. ते उतरवून सीमाभागातल्या कुणाला सातबारा मराठीत मिळणार नाही, आणि त्याला हार घालूनही मिळणार नाही. जिथे भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांहून अधिक, तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशाने कधीच मान्य केलं आहे. आमच्या मतांवर निवडून गेलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आमदारांना, पक्ष कुठलाही असो, विनंती एवढीच: येत्या डिसेंबरात त्या चित्रावर बोलायला उभे राहाल तेव्हा आधी मराठी कागदांचं काय झालं ते सांगा, मग चित्राकडे वळा.

– संपादक
कॅम्प, बेळगाव