नियतकालिकांतली 'ती' कोण?

स्त्रियांच्या स्वतंत्र नियतकालिकांविषयी आपल्याकडे दोन मते मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जातात. पहिले असे की, आता त्यांची गरजच उरलेली नाही. मुली विमाने चालवतात, न्यायासनावर बसतात, मग त्यांच्यासाठी निराळे मासिक हवे कशाला? दुसरे मत अधिक सौम्य आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. ते म्हणते, मासिक जरूर असावे, परंतु त्यात जात, बोली, प्रांत असले भेद आणू नयेत. बाई ती बाई, तिचे दुःख सगळीकडे सारखेच. पहिल्या मताचा समाचार थोडक्यात घेता येईल. दुसऱ्याशी मात्र मला सविस्तर भांडावयाचे आहे, कारण ते विरोधकांच्या नव्हे, आपल्या मित्रांच्या आणि मैत्रिणींच्या तोंडी आहे.

प्रथम पहिले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, तेव्हा 'पुणे वैभव' पत्राने तिच्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. त्या लेखनाला उत्तर देण्यासाठी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे स्वतंत्र पुस्तक छापावे लागले. प्रश्न तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे, की बाईचे चित्र काढण्याची लेखणी कोणाच्या हाती? आजच्या रंगीत पुरवण्या उघडून पाहाव्यात. तेथे दागिन्यांनी मढलेली एक बाई असते, त्यागाने झिजलेली दुसरी असते, आणि अलीकडे एका हाताने कचेरी व दुसऱ्या हाताने कढई सांभाळणारी तिसरी अवतरली आहे. तिघींनाही जन्म जाहिरातदाराने दिला आहे. अमेरिकेतल्या 'मिस' मासिकाच्या एक संस्थापिका ग्लोरिया स्टायनेम यांनी १९९० साली, ते मासिक जाहिराती सोडून पुन्हा निघाले तेव्हा, उघडपणे लिहिले की खाद्यपदार्थांचे जाहिरातदार पाककृती मागतात आणि प्रसाधनांचे जाहिरातदार सौंदर्याचे सल्ले मागतात. ते न छापणाऱ्या मासिकाला जाहिरात मिळत नाही. दिल्लीहून १९७९ पासून निघालेल्या 'मानुषी'नेही वाचकांच्या बळावर उभे राहण्याची वाट धरली ती याच जाणिवेने. जोवर बाईचे चित्र विक्रीस आहे, तोवर ते विकण्याचे नाकारणारे एखादे तरी पान असणे अगत्याचे आहे. इतके सांगून हा पूर्वपक्ष मी बाजूस ठेवते.

मराठीत हे पान फार मोलाने मिळाले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढले, आणि घरात बसून वाचणाऱ्या मराठी बाईला आपल्या संसाराकडे प्रश्न म्हणून पाहण्याची सवय लावली. विद्या बाळ यांनी त्याच मासिकात उमेदवारी करून पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्याचे संपादन केले, आणि ती चौकट अपुरी वाटू लागल्यावर ऑगस्ट १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक उभे केले. २०२० साली त्या गेल्या. त्यांनी रुजवलेले संवादाचे व्रत मागे राहिले. ह्या परंपरेचे ऋण मानूनच मी पुढचे लिहीत आहे. ऋणकोलाही हिशेब विचारण्याचा अधिकार असतो.

माझा हिशेब एका शब्दाविषयी आहे. ह्या नियतकालिकांतून सतत भेटणारा 'आम्ही' किंवा 'आपण' हा शब्द कोणाचा?

स्वतःचा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका स्त्रीविषयक मासिकाला मी माझ्या थोरल्या मावशीवर एक लेख पाठवला होता. ते मासिक आज हयात नाही, आणि त्याच्या संपादिकाबाई अत्यंत सज्जन होत्या. म्हणून नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. माझे आजोळ फोंडा महालातले. घरात बोलणे कोंकणी, पोथी आणि पत्र मराठी. ह्या पत्राच्या वाचकांना ही घडी परकी नाही. मावशीचे लग्न झाले नव्हते. धाकट्या दोघी बहिणी परण्या घरी गेल्या, तेव्हापासून माझी आजी त्यांच्याविषयी बोलताना 'ती आयली' असे म्हणू लागली. थोरलीविषयी मात्र शेवटपर्यंत 'तें आयलें' असेच म्हणत राहिली. कोंकणीत लहान मुलीला, आणि पुष्कळदा अविवाहित तरुणीलाही, नपुंसकलिंगी 'तें' लावतात, हे येथे सांगावयास नको. त्यात माया असते, हेही खरे. परंतु पन्नाशी उलटलेल्या, घराचे सारे कुळागर एकटीने राखलेल्या बाईला मरेपर्यंत 'तें' राहावे लागले, आणि कालपरवा सासरी गेलेली मुलगी रातोरात 'ती' झाली, हा माझ्या लेखाचा गाभा होता.

लेख छापून आला. 'तें' सर्वत्र काढून 'ती' घातलेले होते. सोबतच्या पत्रात संपादिकाबाईंनी लिहिले होते की, व्याकरणाच्या किरकोळ चुका दुरुस्त केल्या आहेत, आणि तुमच्या मावशींना स्त्री म्हणून मान मिळावा असाच आमचा प्रयत्न आहे.

त्या पत्राचा मला राग आला नाही; मी खिन्न झाले. ज्या मासिकाचे जन्मकार्यच बाईपण म्हणजे काय हे तपासणे, त्याने बाईपण विवाहाने बहाल होते याचा व्याकरणातला ढळढळीत पुरावा हाती आला असता तो अशुद्ध म्हणून खोडून टाकला! सदाशिव पेठेतल्या प्रमाण भाषेत जे बसत नाही ते अनुभव म्हणूनही बसत नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या मावशीला आजीने 'ती' म्हटले नाही, आणि मासिकाने 'तें' राहू दिले नाही. ती होती तशी कोणाच्याच पानावर आली नाही.

कोणी म्हणेल, एका सर्वनामासाठी एवढा त्रागा कशाला? परंतु माणसाचे लिंग आपण पहिल्यांदा सर्वनामातच ठरवतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांना आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा अधिकार मान्य केला. न्यायालयाने जे औदार्य दाखवले, ते मुद्रितशोधनाच्या मेजावर दाखवता येऊ नये काय?

आता 'बाई ती बाई' ह्या वचनाकडे वळू. ह्याचे सर्वांत समर्पक उत्तर खुद्द एका स्त्रीमासिकाच्याच पानांवर छापलेले आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूप झाले. वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवलेले ते लिखाण. त्यात सरपणाची मोळी विकावयास गेलेली महार बाई आहे, आणि लाकडांत तुझा केस वा लुगड्याचा धागा राहिला तर आमचे घर बाटेल असे तिला दरडावणारी वरच्या जातीची गृहिणीही आहे. दोघीही बायाच. दोघींनाही आपापल्या घरी पुरुषाचा धाक. पण त्या उंबरठ्यावर एकीच्या हाती नियम आहे आणि दुसरीच्या डोक्यावर ओझे. त्या दोघींचे मिळून एकच 'आपण' करणारे वाक्य मला कोणी लिहून दाखवावे.

ह्यावर आक्षेप येतो की, असे भेद उघडे केल्याने चळवळ फुटते. पण फूट छपाईने पडत नाही. ती आधीच पडलेली असते, आणि छपाई तिला केवळ प्रकाशात आणते. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया निराळे का बोलतात याची मीमांसा केली, तेव्हाही असाच गलका झाला होता. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्याला जे उत्तर दिले ते आमच्या संपादकवर्गाने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की निराळेपण मान्य करून दलित स्त्रीला तिच्या कोपऱ्यात सोडून देणे ही सोयीची पळवाट होय. तिच्या जागेवरून जग कसे दिसते ते शिकून इतर स्त्रियांनी स्वतःला बदलले पाहिजे. अर्थात प्रत्येकीचे वेगळे मासिक निघावे, असा ह्या युक्तिवादाचा निष्कर्ष मुळीच नाही. असलेल्या मासिकाची बैठक बदलावी, हा आहे.

बैठक म्हणजे काय, तेही स्पष्ट करते. आज आमची स्वतंत्र नियतकालिके दलित, आदिवासी, मुसलमान, भटक्या बायांना बोलावीत नाहीत असे नव्हे. बोलावतात, परंतु साक्षीदार म्हणून. तिने येऊन आपले दुःख सांगावे, डोळे पुसावेत आणि जावे. त्या दुःखाचा अर्थ लावणारा संपादकीय लेख मात्र ठरलेल्या हातांनी, ठरलेल्या भाषेत लिहावयाचा. आम्हा सीमेवरच्या आणि बाहेरच्या मराठी बायांचेही तसेच. बेळगावची बाई कन्नड कचेरीत अर्ज भरते, बडोद्याची मुलांशी निम्मे गुजराती बोलते, इंदूरची हिंदीत भांडते आणि मराठीत ओव्या म्हणते. ह्या साऱ्या दिवाळी अंकातल्या एखाद्या 'बृहन्महाराष्ट्र' विभागात वर्षातून एकदा हळदीकुंकवाला बोलावल्यासारख्या येतात. भाषा बदलली की बाईचे नाते, मान, सर्वनाम, भांडण्याची रीत सारे बदलते, हा विचार त्यांच्यावाचून कोण मांडणार?

आणि दुसऱ्यांना दोष देताना आपले अंगण झाडलेले नाही, हेही कबूल केले पाहिजे. गोव्यात मराठी की कोंकणी, बेळगावात मराठी की कन्नड, ह्या वादांत आपण कागदाचे डोंगर खर्ची घातले. मातृभाषेचा तो सारा खटला चालवला बहुतांशी पित्यांनी! आयांना साक्षीलाही कोणी बोलावले नाही. आमच्या द्वैभाषिक पत्रांच्या जुन्या अनुक्रमणिका काढून त्यांतील लेखिकांची नावे मोजावीत, बोटे पुरतील. शिवाय स्वातंत्र्य फुकट मिळत नाही. एकाच अंकावर चार घरांनी वाचन उरकायचे आणि मासिक बंद पडले की शोकसभा भरवायची, ही आमची रीत. वर्गणी न देणाऱ्या वाचकाला जाहिरातदाराची निंदा करण्याचा अधिकार नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. संपादक मंडळात ज्या बाया आजवर विषय होत्या त्यांतल्या काही निर्णय घेणाऱ्या म्हणून बसाव्यात. त्यांचे लेखन आले की त्यावर लाल शाई चालवण्यापूर्वी एक पत्र टाकून विचारावे: हा शब्द तुमच्याकडे का असतो? उत्तर येईतो अंक आठ दिवस लांबला तरी चालेल. आणि माझ्या मावशीवरचा तो लेख कोणी पुन्हा छापणार असेल, तर मूळ हस्तलिखित माझ्याजवळ आहे. त्यात 'तें' एकोणतीस वेळा आले आहे. एकोणतीसही वेळा ते तसेच ठेवावे.