यकृतातील दाबाचा कारभार

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा गौरव करताना आपण लहान छेद, अल्प वेदना आणि लवकर मिळणारी घरची वाट यांचाच उच्चार करतो. परंतु त्या छेदांच्या आड, उदरात कार्बन डायऑक्साइड भरून जी पोकळी निर्माण करावी लागते, तिच्या दाबाचा हिशेब कोण ठेवतो, अशी पृच्छा सहसा कोणी करीत नाही. पित्ताशय काढताना ही उपेक्षा बहुधा खपून जाते. यकृताचा खंड कापताना खपत नाही.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चतुर्थांश यकृतातून वाहतो. आत येणारे रक्त काही काळ अडविण्याची युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल या शल्यविशारदाने १९०८ मध्येच सांगून ठेवली. परंतु यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या नीलांवर त्या युक्तीचा अंमल चालत नाही. त्या पातळ भिंतीच्या, झडपांवाचूनच्या, आणि सभोवतालच्या यकृताने ताणून धरल्यामुळे कापल्यावरही न मिटणाऱ्या असल्याने, त्यांच्या उघड्या तोंडातून रक्त बाहेर येईल की वायू आत शिरेल, याचा निवाडा मुख्यतः दोन दाबांच्या तफावतीवर होतो. उदरात वायू सामान्यतः १० ते १४ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरतात. इकडे रक्तस्राव आवरावा म्हणून भूलतज्ज्ञ नीलांतील दाब मुद्दाम उतरता ठेवतो. श्वसनयंत्राने छातीत हवा जोराने लोटली, तर रक्त मागे तुंबून कापलेल्या पृष्ठभागावर झिरपू लागते. आणि श्वासाचा दाब फार उतरविला, किंवा श्वास क्षणभर थांबविला, तर पडद्यावर कोरडा, स्वच्छ, शल्यविशारदाला सुखावणारा तोच पृष्ठभाग वायू ओढून घेऊ शकतो.

सुदैवाने हा वायू रक्तात सहज विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, म्हणून बारीक बुडबुडे बहुधा निरुपद्रवी ठरतात. (या तंत्राच्या आरंभकाळी, १९०१ मध्ये, केलिंग या जर्मन शल्यविशारदाने कुत्र्याच्या उदरात गाळलेली हवा भरली होती; हवेतील नायट्रोजन इतका समजूतदार नाही.) मोठा लोट मात्र हृदयाच्या उजव्या कप्प्यात अडतो, रक्तदाब कोसळतो, आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा यंत्रावरील आकडा एकाएकी खाली येतो. सुमारे एकचतुर्थांश प्रौढांच्या हृदयातील दोन वरच्या कप्प्यांमधले जन्मजात छिद्र पुरते बुजलेले नसते. त्यांच्या बाबतीत बुडबुडा मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. अशा वेळी वायू बंद करणे, नीलेचे तोंड दाबणे आणि शुद्ध प्राणवायू देणे, ही तजवीज क्षणार्धात व्हावी लागते.

माझे म्हणणे इतकेच, की एका नीलेच्या तोंडाशी भिडणाऱ्या या दोन दाबांची मुखत्यारी दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे असताना, त्यांचा कारभार परस्परांना न विचारता चालू नये. रुग्णालयांच्या जाहिरातींत शल्यविशारदाची तसबीर झळकते. भूलतज्ज्ञाची भेट मात्र रुग्णाला कित्येकदा शस्त्रक्रियेच्या दालनाच्या दाराशीच घडते, आणि संमतिपत्रावर त्याच्या कामापुरती एखादी छापील ओळ असते. ही भेट आदल्या दिवशी व्हावी, वायुप्रवेशाचा धोका त्या कागदावर मराठीत स्पष्ट लिहावा, आणि यकृताला हात घालण्यापूर्वी दोघांनी ठरविलेले आकडे दफ्तरी नोंदवावेत. मग रक्त दिसू लागताच उदरातील दाब वाढविण्याचा हुकूम सुटेल, तेव्हा तो पाळण्याआधी भूलतज्ज्ञाला हरकत घेण्याचा अधिकार आहे की नाही, हे नातेवाइकांनी सही करण्यापूर्वी बेलाशक विचारावे.