समाजशास्त्राला शिक्षक आणि फील्ड प्रोजेक्टला मार्गदर्शक मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. प्राचार्य महोदय

विषय : बी. ए. समाजशास्त्र विषयासाठी पूर्णवेळ शिक्षक नेमणे व फील्ड प्रोजेक्टचे मूल्यमापन नव्याने करणे याबाबत.

संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज (आवक शिक्का असलेल्या प्रती सोबत) व त्यांवर मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, केम व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारे आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी-विद्यार्थिनी आपणास पुन्हा एकदा विनंती करीत आहोत. पहिला अर्ज दिला तेव्हा "भरतीची जाहिरात निघाली की पहिला तुमचाच विषय" असे सांगण्यात आले. जाहिरात निघाली, तीत आमचा विषय नव्हता. नंतर "दिवाळीनंतर बघू" झाले. दिवाळी होऊन गेली. शिक्षक नेमण्याचे नियम काय आहेत हे आपणास आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही.

तासिका तत्त्वावर आलेल्या मॅडमबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. त्या मन लावून शिकवत होत्या. पण त्या आल्या तेव्हा पहिले सत्र संपत आले होते आणि मंजूर तासिका संपताच त्यांना थांबावे लागले. त्यांचे मानधन किती महिने रखडते हे आम्हालाही दिसते. मॅडम येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर आमचे तास रिकामेच गेले. तरीही परीक्षेच्या तोंडावर कमी हजेरीच्या यादीत आमचीच नावे लागली. जो तास झालाच नाही त्याला आम्ही गैरहजर कसे, हे कार्यालयात विचारले तेव्हा "रजिस्टरवर नाही म्हणजे नाही" एवढेच उत्तर मिळाले.

हे सारे आम्ही सोसलेही असते. पण फील्ड प्रोजेक्टचे जे झाले त्यावर गप्प बसता येत नाही.

आमच्या गटाने केमच्या कुंकू उद्योगात काम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचे ठरवले. केमचे कुंकू कुठे कुठे जाते हे आपणास सांगायला नको. विषय मॅडमनीच सुचवला होता, प्रश्नावली मात्र त्या गेल्यावर आम्हीच बनवली. पहिल्याच दिवशी "मासिक उत्पन्न किती?" या प्रश्नावर एक मावशी हसल्या. हात कोपरापर्यंत लाल, पाकिटे भरणे चालूच. म्हणाल्या, "महिन्याचं कुणी मोजलंय बाळा, पाकिटाचं विचार." उत्पन्नाचा रकाना काढून पाकिटांचा घालायचा, की दोन्ही ठेवायचे? मजुरी कोणाच्या हातात पडते, हे घरातल्या माणसांसमोर विचारायचे की बाजूला घेऊन? हे ज्याला विचारावे असे महाविद्यालयात कोणी नव्हते.

आणखी एक अडचण त्याहून मोठी होती. पाकिटे भरणाऱ्यांत काही विधवा बायका आहेत. स्वतःच्या कपाळाला जे लावत नाहीत ते दिवसभर हातांनी भरतात. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. त्या ठरावाचे कुंकवाच्याच गावात काय झाले, हा आमच्या मते समाजशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. पण तो त्या बाईला विचारावा कसा, विचारावा की नाही, अहवालात तिची ओळख कशी झाकावी, हे गाईड वाचून कळत नाही. शेवटी तो प्रश्न आम्ही सोडून दिला. सोडला ते बरे केले की वाईट, हे सांगणारेही कोणी नव्हते.

तरीही अहवाल पूर्ण करून वेळेत दिला. मार्गदर्शकाची सही नाही म्हणून तो कार्यालयात पडून राहिला. "सहीचे बघू" असे आम्हाला सांगण्यात आले होते. पुढे दुसऱ्याच विषयाच्या सरांची सही झाली, गुणही पडले, पण आतले एकही पान कोणी उलटले नाही. शेजारच्या गटाने झेरॉक्सच्या दुकानातून तयार अहवाल आणून फक्त नावे बदलली. दोन्ही गटांना सारखेच गुण. मग केमच्या गल्लीबोळांतून फिरून आम्ही काय मिळवले?

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली, ती 1969 साली डेक्कन कॉलेजने छापली. तशा पाहणीचा विषय आपल्या दारातही आहे : उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आपल्या करमाळा तालुक्यातलीही गावे आहेत. पुनर्वसित गावठाणांत तो काळ आठवणारी माणसे अजून आहेत. आमच्यातल्या एका गटाला यंदा त्यांच्याशी बोलायचे आहे. त्या गटालाही सही दुसऱ्याच विषयाच्या सरांची मिळणार असेल तर तसे आताच सांगावे.

"समाजशास्त्र सोडून दुसरा विषय घ्या, तिथे सर आहेत" हा सल्ला आम्हाला मान्य नाही. विद्यार्थी कमी म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी कमी, हे किती वर्षे चालवायचे?

तरी, पूर्णवेळ नेमणुकीचा प्रस्ताव पाठवून त्याची पोच आम्हास दाखवावी. तोवर तासिका तत्त्वावरील शिक्षक सत्राच्या पहिल्या आठवड्यातच हजर होतील असे पाहावे. फील्ड प्रोजेक्टला समाजशास्त्राचाच मार्गदर्शक द्यावा आणि गेल्या वर्षीचे अहवाल तोंडी परीक्षा घेऊन पुन्हा तपासावेत. त्यात आमचे गुण कमी झाले तरी चालतील. न झालेल्या तासांची गैरहजेरी काढून टाकावी. याशिवाय, ग्रंथालयातील समाजशास्त्राच्या कपाटाची किल्ली मिळावी.

यावेळी उत्तर तोंडी नको. आठ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास आम्हास वरिष्ठ कार्यालयाकडे जावे लागेल व कार्यालयासमोर बसावे लागेल. तशी वेळ आपण येऊ देणार नाही, ही अपेक्षा.

आपले विश्वासू,
समाजशास्त्राचे विद्यार्थी-विद्यार्थिनी
केम, ता. करमाळा, जि. सोलापूर
(सह्यांची यादी, जुन्या अर्जांच्या प्रती व अहवालाची प्रत सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, सोलापूर