अनोळखी फाइल उघडू नका म्हणे!

परवा एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. अर्जाची कागदपत्रं ई-मेलने मागवली होती, मी सगळी एकत्र करून एक आरएआर फाइल पाठवली होती. टेबलावरच्या मॅडमनी ती माझ्यासमोरच उघडली. आधी विनरारची ती ओळखीची खिडकी आली, ४० दिवसांची मुदत संपली, आता विकत घ्या म्हणणारी. त्यांनी सवयीने बंद केली. मी म्हटलं, "मॅडम, आवृत्ती कुठली आहे बघता का जरा?" निघाली ५.४०. म्हणजे २०१६ सालची!

आणि मागे भिंतीवर सूचना: "अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइल उघडू नयेत."

अहो, मीच तर अनोळखी होतो. अनोळखी लोकांच्या फाइल उघडणं हेच त्या मॅडमचं काम आहे.

आता २०१६ नंतर काय काय झालं ते बघा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवून दिलं की विनरारमध्ये १९ वर्षं जुनं भोक आहे. फाइल उघडून आतलं बाहेर काढलं की एक प्रोग्रॅम गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायचा आणि पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की चालायचा. दोष होता एसीई फाइल उघडणाऱ्या जुन्या भागात. त्याचा सोर्स कोड कंपनीकडेच नव्हता, म्हणून तो भागच काढून टाकावा लागला.

२०२३ मध्ये दुसरं भोक. आतल्या साध्या फोटोवर क्लिक केलं की भलताच प्रोग्रॅम चालू. शेअर-क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांना यात गाठलं गेलं. ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीत दुरुस्ती आली, तरी ऑक्टोबरमध्ये गुगल सांगत होतं की सरकारी पाठबळ असलेल्या टोळ्या तेच भोक अजून वापरताहेत.

२०२५ च्या जुलैमध्ये तिसरं. ईसेटने पकडलं. युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांना फाइल कशाच्या नावाने गेल्या होत्या? नोकरीच्या अर्जाच्या! आता भरती करणाऱ्या माणसाने अनोळखी उमेदवाराचा बायोडेटा उघडायचा नाही, तर करायचं काय?

दुरुस्ती ३० जुलैला ७.१३ मध्ये आली. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. कुणीतरी जाऊन नवीन आवृत्ती उतरवून बसवावी लागते. तो 'कुणीतरी' कोण, हाच माझा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, फुकट वापरता, मग तक्रार कसली? मान्य. पण फुकट वापरायचा निर्णय त्या मॅडमचा होता का? संगणक खात्याने दिला, सॉफ्टवेअर कुणीतरी टाकून गेलं, त्यांना तर काही बदलायची परवानगीही नाही. उद्या काही घडलं, तर नोटीस मात्र त्यांनाच. आणि कंपनीलाही विचारायला हवं: पैशांची आठवण करून देणारी खिडकी न चुकता येते, मग दुरुस्ती आपोआप का येत नाही?

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला टेंडर लागत नाही. प्रत्येक कार्यालयात कुठल्या संगणकावर काय आहे याची यादी करा. अपडेटची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. विंडोज ११ ला २०२३ पासून आरएआर फाइल स्वतःच उघडता येते, तिथे विनरार काढूनच टाका. आणि नागरिकांकडून कागद पीडीएफमध्येच मागा.

भिंतीवर सूचना चिकटवली की वरच्यांची जबाबदारी संपते, असं चाललंय. ती सूचना सुरक्षेसाठी नाहीच, उद्या दोष कुणावर ढकलायचा याची आजच केलेली सोय आहे.

तुमच्या घरच्या, दुकानातल्या, ऑफिसातल्या संगणकावर विनरार असेल तर आजच आवृत्ती बघा. ७.१३ च्या खालची असेल तर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच नवीन घ्या. आणि कुठला आकडा निघाला तो कमेंटमध्ये लिहा. कळू दे तरी, आपण सगळे किती साली अडकलोय ते.