हिरड्यांचे उपचार जन आरोग्य योजनेत घ्या



महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. जबडा मोडला, तोंडात कॅन्सरची गाठ आली, तर या योजनेचा फार मोठा आधार आहे. पण हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर योजनेचे तेच कार्ड जवळ असून नसल्यासारखे. दातांवरचे कीटण काढणे, हिरडीखालची मुळे साफ करणे हे उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात आणि योजना रचली आहे ती दाखल होणाऱ्या रुग्णासाठी. हे उपचार योजनेत घ्यावेत आणि ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळावेत, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी शिवणकाम करते. माझे खालचे पुढचे दात हलतात, हिरड्या उतरून मुळे उघडी पडली आहेत. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाता येत नाही. सरकारी दवाखान्यात दात साफ करायचे यंत्र बंद होते. 'काढून टाकू' एवढाच इलाज मिळाला. खासगी डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दात वाचू शकतात. आधी खोलवर सफाई करायची, मग हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बारीक तारेने बांधायचे आणि तरीही भागले नाही तर हिरडीची शस्त्रक्रिया. हा खर्च माझ्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा आहे. म्हणजे दात काढणे फुकट आणि वाचवणे मात्र ऐपतीवर. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते.

खासगी आरोग्य विमा घ्यावा, असे कोणी म्हणेल. पण अपघातात दात गेले तर गोष्ट वेगळी, एरवीचे दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या योजनेतून दातांचे उपचार मिळतात. राज्य कामगार विमा योजना कारखान्यातल्या आणि आस्थापनेतल्या कामगारांसाठी आहे. तिलाही दरमहा २१ हजार रुपये पगाराची मर्यादा. शेतमजूर, शिंपी, टपरीवाला, घरकाम करणारी बाई यांतल्या कशातच बसत नाहीत. त्यांना सगळे पैसे खिशातूनच घालावे लागतात.

हिरड्यांचा हा आजार थांबवता येण्यासारखा आहे, म्हणून तर चीड येते. दातांवर रोज साचणारा चिकट थर निघाला नाही की कडक होऊन त्याचे कीटण बनते. ते हिरडीखाली उतरते, सूज येते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. बांधाची माती धुपली की झाड कलते, तसा दात हलू लागतो. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही, पण झीज आहे तिथे थांबवता येते. सुरुवातीला तासाभराची सफाई आणि रोजची नीट निगा पुरते. तेवढेही न मिळाल्यामुळे पुढे दात काढावे लागतात आणि उरते ती कवळी. 'दात साफ केले की ढिले होतात' ही आपल्याकडची समजूतही काढायला हवी. कीटण निघाले की त्याने झाकलेल्या फटी दिसू लागतात, काही दिवस दातांत सणक येते. दात ढिला झालेला असतो तो आधीच, हाड झिजल्यामुळे.

आमच्या भागात बायका मशेरी लावतात. भाजलेल्या तंबाखूने ठणका घटकाभर कमी वाटतो, हिरड्यांतून रक्त येणेही दबते आणि रोग आत वाढत राहतो. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला बंदी पोहोचत नाही. तिथे त्या बाईला तिच्याच हिरड्या आरशात दाखवून समजावणारे माणूस लागते.

माणसे मोठ्या आजारांनी मरत असताना दातांवर पैसा कशाला, हा आक्षेप मी ऐकला आहे. त्याला उत्तर मधुमेहात आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतो, असे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसून आले आहे. सरकार मधुमेहाच्या गोळ्या मोफत देते. त्याच रुग्णाच्या हिरड्या साफ केल्या तर त्या गोळ्यांचेही चीज होईल.

यासाठी नवी योजना उभारावी लागणार नाही. तिशीपुढच्या लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि कॅन्सरसाठी सरकारी तपासणी होतेच. तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंड उघडून पाहतात, तेव्हाच हिरड्या पाहाव्यात आणि दात हलतात का ते विचारावे. दंतविभागांना यंत्रे आणि माणसे देण्यासाठी राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, शिकून बाहेर पडणाऱ्यांची कमी नाही. ते तालुक्याला पोहोचत नाहीत, कारण तिथे पदे आणि साधने नाहीत.

म्हणून ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे मागणी आहे, की कीटण काढणे (स्केलिंग), मुळांची सफाई आणि हलणारे दात बांधणे हे उपचार दाखल होण्याची अट न घालता योजनेत घ्यावेत. आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आणि चालू स्थितीतले यंत्र आहे की नाही, ते जाहीर करावे.

तोपर्यंत माझ्यासारख्यांनी हातपाय गाळू नयेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, खर्चही खासगीपेक्षा बराच कमी. बार्शीहून यांतले कुठलेही गाव लांबच, पण जवळपासच्या खासगी दंत महाविद्यालयांतही चौकशी करण्यासारखी असते. मशेरी सोडावी, रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने दात घासावेत, साखर तपासून घ्यावी. 'काढून टाका' असे कोणी सांगितले तर 'वाचवता येईल का?' हे नक्की विचारावे. आणि पंचायत समितीच्या आमसभेत, रुग्ण कल्याण समितीकडे आपल्या दवाखान्यातल्या बंद यंत्राचा प्रश्न लेखी द्यावा. तोंडी तक्रार विसरली जाते. लेखी प्रश्नाला उत्तर मागता येते.

– शिवणकाम करणारी एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)