तळं, दोन तारे आणि दोन हातोडे

मंडळी, गेले तीन वीकांत माझा एकच उद्योग चालू आहे. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, लॅपटॉप उघडायचा आणि इटलीतल्या कोमो तळ्याच्या काठी एक साधंसं हॉटेल शोधायचं. दोन तारे, फार तर तीन. चार रात्री, तीन माणसं: आई, बाबा आणि मी. हापिसात याहून मोठी मायग्रेशनं मी कमी वेळात उरकली आहेत. :)

झालं असं, की बाबा यंदा एसटीतून निवृत्त झाले. तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर लोकांना गाड्यांत बसवून दिलं, स्वतः कुठे गेले नाहीत. निवृत्तीच्या जेवणात भर पंगतीत मी जाहीर करून बसलो, "मे महिन्यात बाबांना युरोपला नेतो." टाळ्या पडल्या. आता निस्तरा.

युरोप म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती ग्रुप टूर. बारा दिवस, सात देश, रोज नवं हॉटेल. या प्रकाराची मी एके काळी भरपूर थट्टा केली आहे. आता करत नाही. आमचे काका-काकू अशा टूरला जाऊन आले आणि खूष होऊन आले. जेवायला पोळी-भाजी, बोलायला मराठी, सोबतीला समवयस्क, आणि पासपोर्ट हरवला तर धावपळ करायला दुसरा कोणीतरी. साठीच्या माणसाला ही काही लहान गोष्ट नाही. पण ज्या माणसाने तीस वर्षं पहाटेच्या गाड्या सोडल्या, त्याला निवृत्त झाल्यावर पुन्हा पाच वाजता उठवून "बॅगा दाराबाहेर ठेवा" म्हणायचं, हे काही मला पटेना.

तर माझं मत असं: पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांना सात देश दाखवण्यापेक्षा एका तळ्याकाठी चार रात्री राहावं, हॉटेल साधं घ्यावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा बेत त्यांच्यासाठी आखू नये, त्यांच्याबरोबर आखावा. यातलं शेवटचं कलम माझं नाही. ते मला शिकवण्यात आलं. कसं ते पुढे येईलच.

आधी तळं. कोमो म्हणजे उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी असलेलं, उलट्या इंग्रजी वायच्या आकाराचं तळं. क्षेत्रफळ साधारण १४६ चौरस किलोमीटर, खोली ४०० मीटरहून जास्त. आपल्याकडे ते ठाऊक असतं ते बहुतेक २०१८ च्या दीपिका-रणवीरच्या लग्नामुळे. ते लग्न जिथे झालं तो व्हिला देल बाल्बियानेल्लो याच काठावर, लेन्नो गावात आहे. त्यामुळे लोकांचा समज असा, की हे सगळं अब्जाधीशांचं काम. पण काठावरची गावं साधी आहेत, आणि सगळ्यांसमोरचं पाणी तेच आहे. मिलानच्या मुख्य स्टेशनातून साध्या प्रादेशिक गाडीने तासाभरात वारेन्नाला उतरता येतं. तिथून बोटी सुटतात. तळ्याच्या मध्यभागी वारेन्ना, बेल्लाजो आणि मेनाज्जो या तीन गावांमध्ये त्या दिवसभर ये-जा करतात. म्हणजे गाडी भाड्याने नको, टॅक्सी नको. मिलानच्या विमानतळापासून खोलीपर्यंत सगळं सार्वजनिक वाहतुकीने. एसटीवाल्या घराला आणखी काय पाहिजे?

इंजिनियर म्हणून माझा स्वार्थही आहेच. ज्याच्या नावावरून आपण व्होल्ट मोजतो तो आलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ साली कोमो गावात जन्मला, आणि १८०० साली त्याने पहिली बॅटरी जगापुढे मांडली. कोमोच्या काठावर त्याचं छोटं संग्रहालय आहे. वारेन्नाच्या व्हिला मोनास्तेरोमध्ये १९५४ च्या उन्हाळ्यात एन्रिको फर्मीने व्याख्यानं दिली, आणि त्याच वर्षाअखेर तो गेला. लेक्को आणि वारेन्ना यांच्यामध्ये मांदेल्लो नावाचं गाव लागतं, तिथे १९२१ पासून मोतो गुत्सी मोटरसायकली बनताहेत. हे सगळं मी तीन रंगांच्या एक्सेल शीटमध्ये भरलं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

हे "तू म्हणशील तसं" लक्षात ठेवा.

आता हॉटेल. ताऱ्यांबद्दल एक गैरसमज असतो. इटलीत तारे मिळतात ते सोयींवर: खोलीचा आकार, रिसेप्शन किती तास उघडं, लिफ्ट वगैरे. दोन ताऱ्यांचं म्हणजे कळकट असं नव्हे. बऱ्याचदा घरचीच माणसं चालवतात. खोली छोटी, न्याहारीला कॉफी, पाव, जॅम आणि बिस्किटं, आणि रात्री अकराला मालकीणबाई दार लावून झोपायला जाणार. तुम्हाला मिनी-बार आणि स्पा हवा असेल तर जाऊ नका. आम्हाला खिडकी हवी होती.

मी वारेन्नात एक हॉटेल पक्कं केलं. पिवळ्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाली पाणी. संध्याकाळी आईला फोटो दाखवले. तिने एकच फोटो मोठा करून बघितला, गल्लीचा. "अरे, या पायऱ्या कोण चढणार?" सुंदर गल्लीचा फोटो म्हणून मी जो जपून ठेवला होता, त्यात नुसत्या दगडी पायऱ्याच होत्या. खालून वरपर्यंत. आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो हे मला माहीत आहे. माझ्या एक्सेलला माहीत नव्हतं. रिक्वायरमेंट न विचारता डिझाइन केलं, की हेच होतं.

मग समोरच्या काठावरचं मेनाज्जो आलं. तिथे चौक पाण्याला लागून आहे आणि काठाने सपाट फिरायला जागा आहे. वारेन्नाहून बोटीने पंधरा-एक मिनिटं. हॉटेलला मी मेलमध्ये दोनच प्रश्न विचारले: लिफ्ट आहे का, आणि बोटीच्या धक्क्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? उत्तर आलं, लिफ्ट आहे पण लहान, बॅगा वेगळ्या पाठवाव्या लागतील, पायऱ्या तीन. असं नेमकं उत्तर मला कुठल्याच मोठ्या हॉटेलकडून आलं नव्हतं.

महिना कुठला हाही वादाचा विषय झाला. तिथली बरीच छोटी हॉटेलं साधारण नोव्हेंबर ते मार्च बंद असतात. ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर. मी सप्टेंबर म्हणालो, तर आई म्हणाली, "गणपती सोडून? आणि मग लगेच पितृपक्ष." विषय संपला. मे ठरला: १ मेची सुट्टी उलटल्यावर आणि २ जूनच्या त्यांच्या प्रजासत्ताक दिनाच्या आत.

जेवणाची काळजी अर्थातच आईची. ती अंडंही खात नाही. इटली म्हणजे पास्ता-पिझ्झा, शाकाहाऱ्यांची चंगळ, असं आपण समजतो. पण पार्मिजानो आणि ग्राना पादानो या दोन्ही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आणि ती किसून सगळ्यावर घालतात. हे आईला सांगायचं की नाही, असा मोह झाला. सांगितलं. तिने ठरवलं, की वरून चीज नको म्हणायचं, बाकी देव बघून घेईल. तिकडची पोलेंता म्हणजे मक्याच्या भरड पिठाची उकडच, ती चालेल. बाबांचं मात्र नशीब जोरावर आहे. या तळ्यातले छोटे मासे खारवून, वाळवून ठेवतात आणि पोलेंताबरोबर खातात, त्यांना मिसोल्तीनी म्हणतात. म्हणजे सुकी मासळी आणि उकड. बाबांनी पहिल्यांदाच मान वर करून "काय म्हणतोस?" विचारलं.

थोडं व्हिसाबद्दल, कारण यात एक गोष्ट मला खटकते. शेंगेन व्हिसाला राहण्याची सोय दाखवावी लागते आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो. फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आता आपली हुशार मंडळी काय करतात, तर फुकट रद्द करता येणारी तीन-चार हॉटेलं बुक करतात, कागद जोडतात आणि व्हिसा आला की सगळी रद्द. शंभर-दोनशे खोल्यांच्या हॉटेलला काही फरक पडत नसेल. बारा खोल्यांच्या घरगुती हॉटेलला पडतो. हंगाम सहा-सात महिन्यांचा, त्यात तुम्ही खोली अडवून बसलात की दुसरं गिऱ्हाईक परत जातं. डेटाबेसमध्ये विनाकारण लॉक धरून बसणाऱ्याला आपण शिव्या घालतो, तेच हे. जिथे खरंच राहायचं, तेच बुक करावं.

आणि आता मूळ मुद्दा, पैसा. तिघांच्या खोलीला रात्रीचे दीडशे युरो. म्हणजे आजच्या भावाने पंधरा हजारांच्या आसपास. वर माणशी, रात्री असा शहराचा कर तिथे वेगळा भरायचा. मी बाबांना सांगितलं, पाच हजार. आपण सगळेच सांगतो. मोबाइल पंचवीसचा आणला की बारा सांगतो, बूट चारचे आणले की दीड. त्यांना धक्का बसू नये म्हणून, असं स्वतःला समजावतो.

बाबांनी व्हिसाची फाइल लावायला घेतली. कागद तारखेनुसार लावणं हा त्यांचा हातखंडा. त्यात हॉटेलचं कन्फर्मेशन होतं. आकडा वाचला, कॅल्क्युलेटर घेतला. मला वाटलं, आता म्हणतील रद्द कर. ते म्हणाले, "पंधरा हजार म्हणजे माझ्या लागल्या वर्षाचा सबंध पगार झाला." थोडं थांबून, "महाग आहे ते ठीक. तुझा पैसा आहे. खोटं कशाला सांगितलंस? मला हिशेब समजत नाही का?"

दोन दिवस आमचं फारसं बोलणं झालं नाही. आणि त्या दोन दिवसांत मला "तू म्हणशील तसं" चा अर्थ लागला. मी सगळं ठरवत होतो: तळं, हॉटेल, व्होल्टा, फर्मी. त्यांना न्यायचं होतं, बॅगेसारखं. त्यांना विचारलं काहीच नव्हतं आणि खरं सांगितलं नव्हतं. मग ते दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी ते पेन्सिल घेऊन आले. "एवढे पैसे घालवतोयस तर वसूल कसे करायचे ते बघू. वेळापत्रक काढ." बोटींचं, रेल्वेचं, दोन्ही छापून दिली. इटालियनचा एक शब्द न येणाऱ्या या माणसाने तासाभरात मला विचारलं, "हे दोन हातोडे कसले?" मी ते चिन्ह बघितलंही नव्हतं. शोधल्यावर कळलं: तिकडच्या रेल्वेच्या वेळापत्रकात आडवे-तिडवे दोन हातोडे म्हणजे कामाच्या दिवशीची गाडी, आणि क्रूस म्हणजे रविवार-सुट्टीची. शनिवार कामाच्या दिवसांत धरतात. माझ्या बेतात आम्ही रविवारी पोचत होतो आणि मी धरलेली गाडी हातोडेवाली होती! "स्टँडवर तू रात्र काढली असतीस," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी हसले.

आता बेत त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी फर्मी कापला, मोतो गुत्सी ठेवली. जलद बोटीला जादा पैसे पडतात म्हणून ती कापली, साधी बोट ठेवली, "बघायलाच जातोय ना?" कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी यंत्रात टोचून घ्यायचं, हे लाल पेन्सिलीने लिहिलं. आणि एक अख्खी सकाळ मोकळी ठेवली आहे, समोर फक्त "धक्का" असं लिहून. म्हटलं, हे काय? म्हणाले, "बाकड्यावर बसणार. बोट लावतात कशी, दोर कोण टाकतो, सुटायची वेळ पाळतात का, ते बघणार."

माझ्या तीन रंगांच्या शीटमध्ये ही ओळ कधीच आली नसती.

ग्रुप टूरने जा, साध्या हॉटेलात राहा, नाहीतर कुठेच जाऊ नका. ज्याची त्याची सोय. फक्त आई-बाबांना नेत असाल तर आकडा खरा सांगा आणि वेळापत्रक त्यांच्या हातात द्या. असो. मेनाज्जोच्या मालकीणबाईंना आज अजून एक मेल टाकायचा आहे: धक्क्यासमोर बाकडं आहे का?